ईएन८ सांगून एमएसचे स्प्रॉकेट दिले

भोसरी एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे, आम्ही कन्व्हेयर बनवतो. चाकणच्या एका कारखान्याला क्रेट वाहणारे दोन चेन कन्व्हेयर दिले, त्यात माझी कशी फसवणूक झाली ते सांगतो. डिलिव्हरीची घाई असलेल्यांनी तर जरूर वाचा.

चेन १६बी, म्हणजे २५.४ मिमी पिच (लागोपाठच्या दोन पिनांमधलं अंतर). चेन ओढणाऱ्या दातेरी चाकाचे, म्हणजे स्प्रॉकेटचे, दाते १९ ठेवले. सतराच्या खाली गेलं की चेन हिसके देत चालते. शिवाय दाते विषम आणि कड्या सम असल्या की ठरावीक कडी ठरावीक दात्यावरच येत राहत नाही, झीज सगळीकडे वाटली जाते. निवड बरोबर होती. ड्रॉइंगवर स्पष्ट होतं: ईएन८ (मध्यम कार्बनचं, कडक करता येणारं पोलाद), दाते इंडक्शन हार्डन (विजेच्या कॉइलने तापवून, झटकन थंड करून कडक केलेले), ४५ ते ५० एचआरसी (कडकपणाचं माप). नेहमीच्या माणसाने नगाला २,८५० रुपये सांगून तीन आठवडे मागितले. ओळखीतून आलेला दुसरा १,९०० रुपयांत, सहा दिवसांत, टीसीसकट (मटेरियलच्या टेस्ट सर्टिफिकेटसकट) द्यायला तयार झाला. आठ नग सांगितले.

माल आला. बोअर (शाफ्टचं भोक), कीवे (चावीची खाच) व्हर्नियरने तपासले, अगदी मापात. दात्यांच्या कडेने निळसर पट्टा होता. "बघा दादा, हार्डनिंगचा रंग," तो म्हणाला. मी मानलं आणि त्याच दिवशी सगळे पैसे दिले.

अडीच महिन्यांनी चाकणहून मेंटेनन्सवाल्याचा फोन: "साहेब, चेन उड्या मारतीये." गार्ड काढला तर दाते एका अंगाने खाल्लेले, मांजराच्या नखासारखे आकडे झालेले. मी कानस लावली. हार्डन दात्यावर ती सहजी रुतत नाही, बहुतेक घसरते. इथे रुतली, आणि चकचकीत कीस माझ्या बोटांवर पडला. तो निळा रंग गॅसच्या ज्योतीने वरवर तापवून आणलेला होता. लॅबला एक नग दिला, रिपोर्ट आला साध्या एमएसचा, म्हणजे माइल्ड स्टीलचा. त्यात कार्बनच इतका कमी असतो की इंडक्शन केलं तरी दाते तेवढे कडक होत नाहीत.

मग टीसी नीट वाचली. त्यावर ४० मिमीचा राऊंड बार होता. आमचा स्प्रॉकेट दीडशे मिमीहून मोठा, तो चाळीसच्या बारमधून कसा निघेल? कागदावर हीट नंबर (पोलादाच्या त्या वितळणीचा क्रमांक) होता, पण आठांपैकी एकाही नगावर त्याचा पंच नव्हता.

खराब दात्यांनी चेनही ताणली होती. ताणलेली चेन नव्या स्प्रॉकेटवर चढवली की नवे दाते खाते, म्हणून दोन्ही बदलावं लागलं. लाईन दीड दिवस बंद राहिली आणि कारखान्याने आमचं बिल अडवलं. आधी तो स्प्रॉकेटवाला "ग्रीसिंग केलं नसेल" म्हणाला, रिपोर्ट पाठवल्यावर फोनच उचलेना. त्याच्या कच्च्या बिलावर फक्त "स्प्रॉकेट ८ नग" असं लिहिलं होतं. ईएन८ नाही, हार्डनिंग नाही. तक्रार कशाच्या जोरावर करायची?

आता मटेरियल आणि हार्डनेस ऑर्डरवर आणि बिलावर, दोन्हीकडे लिहून घेतो, आणि कानस लावल्याशिवाय पैसे देत नाही. तो माणूस भोसरी-चाकण पट्ट्यात अजून नमुना घेऊन फिरतोय. त्याचा नमुना खरोखरच हार्डन केलेला असतो. ऑर्डर देण्याआधी मी त्यालाही कानस लावली होती, ती घसरली होती. तेव्हा नमुना बाजूला ठेवा, आलेल्या मालातला कुठलाही नग स्वतः उचला आणि त्याच्यासमोरच कानस लावा.