विनोदी सुपरहिरोंचा चमू: आधी ‘जस्टिस लीग इंटरनॅशनल’ वाचावी की ‘एक्स-फॅक्टर’?

सुपरहिरोंच्या चमूवर बेतलेली जुनी विनोदी कॉमिक्स पुन्हा, किंवा पहिल्यांदाच, वाचायला घेणाऱ्यासमोर बहुधा दोन नावे येतात. एक म्हणजे डीसी या अमेरिकी प्रकाशनसंस्थेची १९८७ मध्ये नव्याने सुरू झालेली ‘जस्टिस लीग’, जिचे सातव्या अंकापासून ‘जस्टिस लीग इंटरनॅशनल’ असे नामांतर झाले. आणि दुसरे म्हणजे मार्व्हल या दुसऱ्या अमेरिकी प्रकाशनसंस्थेच्या ‘एक्स-फॅक्टर’ मालिकेतील पीटर डेव्हिड यांनी लिहिलेला १९९१ ते १९९३ चा टप्पा, अर्थात अंक ७१ ते ८९. जग वाचवण्यापेक्षा एका छताखाली काम करणाऱ्यांचे आपसांत कसे जमते, यात दोन्ही मालिकांना अधिक रस आहे. त्यांच्या विनोदाची जात मात्र वेगळी आहे, आणि निवड त्यावरूनच करावी.

‘जस्टिस लीग’ची नवी मांडणी झाली तेव्हा सुपरमॅन आणि वंडर वुमन यांची स्वतंत्र मालिकांमधून पुनर्रचना चालू असल्यामुळे ते या चमूसाठी उपलब्ध नव्हते. लेखकांच्या वाट्याला बॅटमॅन आणि मार्शियन मॅनहंटर यांच्यासोबत ब्लू बीटल, मिस्टर मिरॅकल, गाय गार्डनर, आणि थोड्याच काळात बूस्टर गोल्ड, अशी दुय्यम समजली जाणारी मंडळी आली. माझ्या मते मालिकेचे भाग्य या अडचणीतच होते, कारण ज्यांच्या प्रतिमेला जपावे लागत नाही अशी पात्रे मोकळेपणाने भांडू, चिडू आणि चुकू शकतात. कीथ गिफन कथानक रचून पानांची कच्ची मांडणी करत, जे. एम. डीमॅटिस संवाद लिहीत आणि केव्हिन मॅग्वायर चित्रे काढत. मॅग्वायर यांच्या चेहऱ्यांवरील हावभाव इतके नेमके आहेत की कित्येक चौकटींतला विनोद शब्दांशिवायही पोहोचतो. पाचव्या अंकात बॅटमॅन एकाच ठोशात गाय गार्डनरला लोळवतो, हा प्रसंग आजही सर्वाधिक आठवला जातो. पण तो खुलतो तो आधीच्या चार अंकांत गार्डनरच्या उद्दामपणाची पुरेशी तयारी झालेली असल्यामुळे.

या मालिकेला केवळ हास्यकथा समजणे मात्र चुकीचे ठरेल. सुरुवातीच्याच अंकांत परक्या जगातून आलेले तिघे वीर पृथ्वीवरील अण्वस्त्रे नष्ट करायला निघतात, आणि त्यांच्यापैकी वांजिना सोव्हिएत अणुभट्टीतील दुर्घटना थोपवताना प्राणांची किंमत देतो. चेर्नोबिलच्या अणुदुर्घटनेला तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते, हे ध्यानात ठेवून ती पाने वाचावीत. डीमॅटिस हे मेहेरबाबांचे अनुयायी आहेत. अहिल्यानगरजवळच्या मेहेराबादशी जुळणारा हा दुवा कथेत ओढूनताणून शोधू नये, परंतु अगदी हास्यास्पद पात्राकडेही तुच्छतेने न पाहण्याची त्यांची वृत्ती संवादांमधून सतत जाणवते.

उणिवाही स्पष्ट सांगायला हव्यात. स्त्री पात्रांच्या रूपावरून केलेले विनोद आज खटकतात, तत्कालीन अमेरिकी दूरचित्रवाणीचे संदर्भ अनेकदा निसटतात, आणि गिफन-डीमॅटिस यांचा १९९२ पर्यंत चाललेला साठ अंकांचा प्रवास उत्तरार्धात तीच ती थट्टा पुन्हा करू लागतो. मॅग्वायर मुख्य चित्रकार होते तोपर्यंतचे, म्हणजे साधारण पहिले दोन डझन अंक वाचावेत. त्यात मन रमले तरच पुढे जावे.

‘एक्स-फॅक्टर’ आटोपशीर आहे, पण नवख्या वाचकासाठी अधिक अवघड. हॅवॉक, पोलॅरिस, वुल्फ्सबेन, मॅड्रॉक्स, स्ट्राँग गाय आणि क्विकसिल्व्हर यांचा हा एक्स-मेनच्या विश्वातला, अमेरिकी सरकारच्या सेवेतील चमू आहे आणि त्यांच्या पूर्वेतिहासाची थोडी माहिती असल्याशिवाय कित्येक टोमणे लागत नाहीत. लॅरी स्ट्रोमन यांची कोनाकोनांची, मुद्दाम विरूप केलेली चित्रशैलीही सर्वांना रुचेल असे नाही. त्यातच अंक ८४ ते ८६ अनेक मालिकांमध्ये विभागलेल्या एका मोठ्या कथानकात गुंतलेले असल्यामुळे सलग वाचनाची लय मोडते. त्यानंतरचा अंक ८७ मात्र कोणीही चुकवू नये. जो केसाडा यांनी चित्रित केलेल्या या अंकात डॉक सॅमसन हा मानसोपचारतज्ज्ञ चमूतील एकेकाशी बोलतो, बाकी जवळजवळ काहीच घडत नाही. क्विकसिल्व्हर सदा चिडलेला का असतो, याचे उत्तर तिथे मिळते: वेगाने जगणाऱ्याला सारे जग रांगेत आपल्यापुढे रेंगाळणाऱ्या माणसासारखे भासते. हसवता हसवता पात्राला इतके उलगडून दाखवणे ‘जस्टिस लीग’लाही क्वचितच साधले आहे.

आणखी मागे जायचे असल्यास १९६६ मध्ये अवतरलेली डीसीची ‘इन्फिरिअर फाइव्ह’ आहे. नामांकित वीरांची नालायक मुले ही कल्पना मजेदार आहे, परंतु लठ्ठपणा आणि मंदबुद्धी यांवरील विनोदाची पुनरुक्ती फार असल्यामुळे एखादा अंक चाळणे पुरे.

पहिल्यांदाच या प्रकाराकडे वळणाऱ्याने ‘जस्टिस लीग’पासून आरंभ करावा, एक्स-मेनच्या विश्वाशी परिचय असलेल्याने ‘एक्स-फॅक्टर’ आधी घ्यावी. २००३ मध्ये गिफन, डीमॅटिस आणि मॅग्वायर पुन्हा एकत्र आले आणि त्यांच्या सहा अंकी ‘फॉर्मर्ली नोन ॲज द जस्टिस लीग’ला कॉमिक्ससाठीचा आयस्नर पुरस्कार मिळाला, पण जुनी पात्रे ओळखीची झाल्यावरच तिची खरी गोडी कळते. २००५ मध्ये अन्य लेखकांनी याच चमूचा प्रवर्तक मॅक्सवेल लॉर्ड याच्या हातून ब्लू बीटलची हत्या घडवली. ते कथानक आधी वाचल्यास मॅक्सचा प्रत्येक मिश्कील डाव संशयास्पद वाटू लागतो, म्हणून ते सर्वांत शेवटी वाचावे.