'इम्पोर्टेड' क्लिप-ऑन हँडल आणि माझे 17,550 रुपये

ठाण्यात किंवा नवी मुंबईत जो कोणी आपल्या स्पोर्ट्स बाइकला बाहेरचे क्लिप-ऑन हँडल (पुढच्या चाकाच्या दोन नळ्यांवर वेगवेगळे आवळले जाणारे दोन तुकड्यांचे हँडल) बसवण्याच्या विचारात असेल, त्याने पैसे पाठवण्याआधी हे वाचावे. 'शेवटचे दोन सेट' ही घाई आणि आगाऊ रकमेचा तगादा सगळ्यांच्या ओळखीचा आहे, माझ्याही होता. तरीही आगाऊ 6,500 रुपये यूपीआयने, बसवताना 8,000 रोख, मजुरी 1,200 आणि 'लांब ब्रेक होज (ब्रेक ऑइलची लवचीक नळी) लागणारच' म्हणून आणखी 1,850, असे एकूण 17,550 रुपये मी नवी मुंबईतल्या एका दुकानदाराच्या हाती दिले. बिल म्हणून मिळाली ती 'एस्टिमेट' लिहिलेली, जीएसटी क्रमांक नसलेली चिठ्ठी. अशी चिठ्ठी घेऊन दुकानाबाहेर पडू नका.

गाडी केटीएम आरसी 390. घोडबंदर रस्त्याच्या कोंडीत मनगटे भरून येतात, म्हणून थोडे उंच हँडल हवे होते. हौसेचा प्रश्न नव्हता. दुकानदाराने फक्त मॉडेल विचारले आणि '43 एमएम, पाठ आहे' म्हणून मोकळा झाला. 43 मिलीमीटर हा आकडा खरा आहे, पण तो उलट्या फोर्कच्या (पुढचे चाक धरणाऱ्या शॉकअपच्या, ज्यात जाड नळी वर असते) खालच्या चकचकीत नळीचा. क्लिप-ऑन आवळले जाते ते वरच्या जाड नळीवर आणि तिचा व्यास बराच मोठा असतो. जो विक्रेता त्या जागी व्हर्नियर (व्यास मोजायचे साधन) लावत नाही, त्याच्याकडून काहीही घेऊ नये. पण कोणते गिऱ्हाईक खिशात व्हर्नियर घेऊन फिरते, हेही कोणीतरी मला सांगावे.

मला खरा जाच होतो तो पुढच्या पाच मिनिटांचा. मेकॅनिकने ॲलन की फिरवली, क्लॅम्पमधली (नळीभोवती आवळायच्या कड्यामधली) फट पूर्ण मिटली, बोल्ट जागच्या जागी थांबला आणि हँडल तरीही हाताने फिरत होते. फट मिटूनही पकड बसत नाही याचा अर्थ भोक मोठे आहे. त्याला दुसरा अर्थच नाही. मग त्याने शीतपेयाचा रिकामा कॅन कात्रीने कापला, त्याची पट्टी नळीभोवती गुंडाळली आणि पुन्हा आवळले. पट्टीची लाल कड क्लॅम्पखालून डोकावत होती, ती त्याने नखाने आत सारली. हे मी डोळ्यांनी पाहिले आणि विचारलेही. 'इम्पोर्टेड मालाला शिम (फट भरणारी पातळ पट्टी) लागतेच' हे उत्तर इतक्या सहज आले की रोज हेच काम करणाऱ्या माणसाशी वाद घालणे मलाच अडाणीपणाचे वाटले. टॉर्क रेंच (बोल्ट ठरलेल्या जोराने आवळायचा पाना) दुकानात होता की नाही देव जाणे. वापरला मात्र नाही.

गायमुखच्या उतारावर जोरात ब्रेक दाबताच अंगाचा भार हातांवर आला आणि डावे हँडल पुढे फिरून फेअरिंगवर (गाडीच्या पुढच्या प्लास्टिकच्या आवरणावर) आदळले. गाडी सावरली, फेअरिंगला तडा गेला. वागळे इस्टेटमधल्या एका मशिनिस्टने मोजले, तर क्लॅम्पचे भोक दीड मिलीमीटरने मोठे निघाले. क्लॅम्पच्या कापलेल्या तुकड्यात बारीक छिद्रे होती, म्हणजे खोक्यावर 'फोर्ज्ड 6061-टी6' (दाबून घडवलेले मजबूत ॲल्युमिनियम) छापलेला हा माल साधा ओतीव होता.

यानंतरची फरफट वेगळीच. ठाण्यातल्या पोलीस ठाण्यात 'दुकान नवी मुंबई आयुक्तालयात आहे, तिकडे जा' म्हणाले; तिकडे 'तुम्ही ठाण्याचे, आगाऊ पैसे ठाण्यातून गेले' म्हणाले; सायबर कक्षाने 'माल मिळाला आहे ना, मग हा सायबर गुन्हा नाही' असे ऐकवले. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार हद्द कोणतीही असो, दखलपात्र गुन्ह्याची तक्रार नोंदवावी लागते, हे मी छापील कागद पुढे ठेवून सांगितले. त्यावर एका साहेबांनी कागद परत सरकवला आणि 'मोटार वाहन कायद्याचे 182अ वाचा, बेकायदा बदलाला 5,000 रुपये दंड आहे, आधी तो भरा' असे सुनावले. फसवणाऱ्याला हात लावायचा नाही आणि फसलेल्यालाच दटावायचे, यासाठी आपण कर भरतो काय? कलम आहे, हे खरे. बदल करण्याआधी आरटीओत विचारून घ्या. पण भारतीय न्याय संहितेचे कलम 318 फसवणुकीसाठीच लिहिलेले असताना ते त्या टेबलावर कोणालाच आठवू नये?

ग्राहक आयोगाकडे मात्र राहत्या जिल्ह्यातून तक्रार करता येते आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. माझी तक्रार दाखल आहे. समोरचा अद्याप हजर झालेला नाही. रोख दिलेल्या 8,000 रुपयांचा पुरावा शोधताना मात्र नाकी नऊ आले, तेव्हा पूर्ण रक्कम खात्यातूनच द्या.

हँडल बसवल्यावर दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून पाहा: टाकी आणि अंगठा यांत जागा उरली पाहिजे, ब्रेक होज आणि क्लच वायर ताणली जाता कामा नये, आणि बसल्यावर ब्रेकचा लिव्हर हाताच्या सरळ रेषेत आला पाहिजे. यातले काही जमत नसेल तर पैसे देऊ नका, मग दुकानदार कितीही गोड बोलो.

त्याच दुकानाची नवी जाहिरात परवा पाहिली. तेच खोके, तेच 'शेवटचे दोन सेट', किंमत 15,500.