रीमॉर्गेज, बायकोचं नाव आणि ४२ पाउंडांची तार: लोकल सॉलिसिटरचा पाच महिन्यांनंतरचा अनुभव

आधी ते ४२ पाउंड सांगून टाकतो, नाहीतर पुढचं काही सुचायचं नाही. सहा जूनला आमच्या रीमॉर्गेजचं (म्हणजे घराचं लोन एका लेंडरकडून दुसऱ्याकडे हलवायचं) कंप्लीशन स्टेटमेंट, म्हणजे शेवटचा हिशेब, आलं, त्यात खालून तिसरी ओळ: टेलिग्राफिक ट्रान्सफर फी, ३५ पाउंड अधिक व्हॅट. म्हणजे तार! आपल्याकडे तार २०१३ साली बंद झाली आणि इथे इंग्लंडात, रेडिंगमध्ये, २०२५ साली माझ्याकडून तारेचे पैसे घेतायत. मी ॲपवरून कुणाला पैसे पाठवतो ते फुकट जातात, फास्टर पेमेंटची मर्यादा दहा लाख पाउंड आहे आणि माझं जुनं लोन होतं २ लाख ८० हजार. विचारलं तर म्हणे लेंडरचे पैसे आम्ही चॅप्सनेच (मोठ्या रकमा पाठवायची बँकांची यंत्रणा) पाठवतो, सगळेच तसं करतात. एवढं सोडलं तर सॉलिसिटरबाई, म्हणजे घराचे कागद करणाऱ्या वकीलबाई, उत्तम. म्हणजे, बुधवार सोडून. त्यावर येतोच.

घर घेतलं मे २०२३ मध्ये, दोन बेडरूमचं टेरेस, ३ लाख ४० हजार. तेव्हा इस्टेट एजंटने सुचवलेली ऑनलाइन कंपनी घेतली कारण कोट होता ५९९. लोकल ऑफिसं हजार-बाराशे सांगत होती. मला वाटलं आपण लय हुशार. मग मॉर्गेज आहे म्हणून ९५, स्टँप ड्यूटीचा फॉर्म भरायचे ९०, बाबांनी डिपॉझिटला पैसे दिले म्हणून गिफ्टेड डिपॉझिट फी ७५, आयडी चेक, फाईल जपून ठेवायची फी, आणि अर्थात तार. वर व्हॅट. सर्चेस (घराबद्दलच्या नोंदींची तपासणी) आणि लँड रजिस्ट्रीची फी वेगळीच, ती कुणालाही चुकत नाही. शेवटी लोकलवाल्यांपेक्षा ऐंशी-नव्वद पाउंड जास्तच गेले. २०१८ च्या डिसेंबरपासून सॉलिसिटरना या कामाचे दर वेबसाइटवर लावायला लागतात, तेव्हा मोठा आकडा बघू नका, खालची बारीक यादी बघा. आणि एजंटला रेफरल फी किती गेली तेही त्यांना सांगावं लागतं, माझ्या पत्रात होतं, मी वाचलंच नव्हतं.

त्या ऑनलाइन कंपनीचं एक मात्र मान्य करतो. त्यांनी तीनदा लेखी विचारलं होतं की जगात कुठेही तुमच्या नावावर घर आहे का. आपल्या लोकांनी हा प्रश्न नीट वाचा. बाबा त्याच्या आदल्या वर्षी नाशिकच्या फ्लॅटला माझं नाव लावून घे म्हणून मागे लागले होते, मी आळशीपणा केला म्हणून वाचलो. नाव लागलं असतं तर पहिल्या घराची सवलत गेली असती, म्हणजे तेव्हाच्या दराने साडेचार हजार, आणि माझा हिस्सा ४० हजार पाउंडांच्या वर भरला असता तर दुसरं घर म्हणून पूर्ण किमतीवर आणखी तीन टक्के. आता ते पाच टक्के झालेत.

तर घर फक्त माझ्या नावावर झालं, कारण ही नुकतीच पुण्याहून आली होती, इथे तिची क्रेडिट हिस्टरी शून्य. त्या वेळी लेंडरने तिच्याकडून एक फॉर्म सही करून घेतला, घरात राहणाऱ्या प्रौढ व्यक्तीचा. थोडक्यात, या घरावर माझा हक्क लेंडरच्या नंतर, आणि त्यांनी घर ताब्यात घेतलं तर मी निघून जाईन. तिने सही केली, चहा ठेवला, काही बोलली नाही. पण दोन वर्षांत तो फॉर्म आमच्या घरी किती वेळा निघाला ते विचारू नका. त्यामुळे यंदा ३१ मेला फिक्स (बांधलेल्या व्याजदराची मुदत) संपणार म्हटल्यावर ठरलं, लेंडर बदलायचा आणि सोबत तिचं नाव लावायचं.

जानेवारीत ब्रोकर म्हणाला नव्या लेंडरकडे लीगल, म्हणजे वकिलाचं काम, फ्री आहे. फ्री हा शब्द ऐकला की माझं डोकं चालत नाही. साधं रीमॉर्गेज फ्री होतं, नाव लावायचे वेगळे पैसे, आणि काम परत तसल्याच एका पोर्टलवाल्या कंपनीकडे. पुढचे अडीच महिने फक्त हिच्या आयडीत गेले. पासपोर्टवर मधलं नाव तिच्या वडिलांचं, लग्नाच्या सर्टिफिकेटवर माझं, बँकेत मधलं नावच नाही. पोर्टल म्हणतंय या तीन वेगळ्या बायका आहेत. त्यात इमिग्रेशनच्या रकान्यात बीआरपी कार्डच (इथे राहायच्या परवान्याचं) अपलोड करा, दुसरा पर्याय नाही. अरे बाबांनो, बीआरपी ३१ डिसेंबरलाच संपली सगळ्या देशाची, आता ई-व्हिसा आहे, शेअर कोड (व्हिसा ऑनलाइन तपासायचा नंबर) घ्या. नाही. कार्ड अपलोड केलं की लाल अक्षरात "कागदपत्राची मुदत संपली आहे". फोन केला की दर वेळी नवा माणूस, तो फाईल वाचतोय असं सांगून गाणं लावून जातो.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्यांची मेल आली की तुमच्या पत्नीचं भारतात घर आहे असं दिसतं (कोथरूडचा फ्लॅट, सासरे गेल्यावर सासूबाई आणि तिच्या नावावर), सबब तुम्हाला जादा दराने ७,३०० पाउंड स्टँप ड्यूटी लागू शकते, आम्ही कर सल्ला देत नाही, तुमचा सल्लागार गाठा. बायकोचं नाव लावायचे सात हजार तीनशे! मी दोन रात्री झोपलो नाही. ही म्हणाली राहू दे नाव. ते मला ७,३०० पेक्षा जास्त लागलं.

मग मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं. पाच जणांनी पाच नावं दिली, त्यातल्या दोघांनी स्वतः कधी घरच घेतलेलं नाही. पहिल्या ऑफिसला फोन केला, गोड बोलले, सगळं सांगून झाल्यावर कळलं की ते माझ्या नव्या लेंडरच्या पॅनलवर, म्हणजे त्याच्या मान्य वकिलांच्या यादीत, नाहीत. हा प्रश्न फोन उचलल्या उचलल्या विचारा. पॅनलवर नसेल तर लेंडर स्वतःचा दुसरा वकील लावतो आणि त्याचेही पैसे तुमच्याच खिशातून. दुसरं ऑफिस पॅनलवर होतं, लॉ सोसायटीची सीक्यूएस मान्यता (घरांच्या व्यवहारांसाठीची) होती, स्टेशनपासून चालत दहा मिनिटं. खाली केशकर्तनालय, वर लाकडी जिना, गालिच्याला ओल्या कुत्र्याचा वास. ६५० अधिक व्हॅट. मी म्हटलं थोडं कमी करा. बाई म्हणाल्या नाही. आवडलं मला.

बाईंनी हिचा पासपोर्ट हातात घेतला, मधल्या नावावर बोट ठेवलं आणि हिलाच विचारलं, हे वडिलांचं का? त्यांच्याकडे आधी एक गुजराती जोडपं येऊन गेलेलं, त्यामुळे माहीत होतं. लग्नाचं सर्टिफिकेट, शेअर कोड, दहा मिनिटांत आयडी संपला. अडीच महिने विरुद्ध दहा मिनिटं. मग मी ती ७,३०० ची मेल दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर नेला, वाचली, म्हणाल्या, तुम्ही दोघं एकत्र राहता ना? आणि घरात तिसऱ्या कुणाचं नाव नाही ना? मग नवराबायकोच्या आपसातल्या व्यवहाराला ते जादा पाच टक्के लागत नाहीत. बस. एवढंच. हे सांगायला पोर्टलवाल्यांना काय झालं होतं?

पण तीनशे लागतील म्हणाल्या. कारण ही निम्म्या लोनची जबाबदारी घेणार, म्हणजे १ लाख ४० हजार, ती या व्यवहाराची किंमत धरतात. १ एप्रिलपासून शून्य ड्यूटीची मर्यादा अडीच लाखांवरून परत सव्वा लाखावर आली, म्हणजे वरच्या १५ हजारांवर दोन टक्के. मार्चमध्ये झालं असतं तर शून्य! माझं टाळकंच सटकलं. पोर्टलवाल्यांना लांबलचक तक्रार ठोकली, तुमच्यामुळे ३०० गेले, आठ आठवड्यांत निकाल लावा नाहीतर लीगल ओम्बुड्समनकडे (वकिलांविरुद्धच्या तक्रारी तिथे जातात) जातो वगैरे. त्यांनी मुकाट्याने ५० पाउंड पाठवले. मी ग्रुपवर विजयाची पोस्ट टाकली.

ती पोस्ट मागे घ्यावी लागली. मी बाईंना हे फुशारकीने सांगितलं तर त्या म्हणाल्या, पण तुमचं फिक्स मेअखेरपर्यंत होतं, मार्चमध्ये लोन फेडलं असतं तर एक टक्का ईआरसी, म्हणजे मुदतीआधी फेडल्याचा दंड, बसला असता. म्हणजे २,८०० पाउंड. लोन न हलवता नुसतं नाव आधी लावलं असतं तर जुन्या लेंडरची परवानगी आणि वकिलाची वेगळी फी, त्यातच तीनशे उडाले असते. म्हणजे जे वाचूच शकत नव्हते त्यासाठी मी महिनाभर भांडलो. ५० पाउंड अर्थातच परत केले नाहीत, अडीच महिन्यांच्या मनस्तापाचे समजा.

आता बाईंची उलटी बाजू. त्या बुधवारी काम करत नाहीत. मुळीच नाही. फाईल दुसरं कुणी उघडत नाही. आणि गंमत अशी की लेंडरचे प्रश्न यायचे ते मंगळवारी संध्याकाळी, म्हणजे गुरुवारपर्यंत थंडा कारभार. त्यात मेच्या शेवटच्या आठवड्यात शाळांची हाफ टर्म, बाई सुट्टीवर. २ जूनचं कंप्लीशन गेलं ६ जूनला, आणि फिक्स संपल्यावरच्या त्या दिवसांना जुन्या लेंडरचा एसव्हीआर (फिक्सनंतरचा चढा दर), मला दिवसाला साधारण २५ पाउंड जास्त. सव्वाशेच्या वर गेले नुसते. सुट्टी आहे हे आधी सांगितलं असतं तर मे महिन्यातच मागे लागलो असतो. हे मी त्यांना तोंडावर बोललो, त्या सॉरी म्हणाल्या, बिलातून काही कमी केलं नाही.

तरी काही गोष्टी समोर ऑफिस असल्यामुळेच झाल्या. त्यांनी बँक डिटेल्स पहिल्याच दिवशी छापील कागदावर हातात दिले आणि म्हणाल्या, आमचा अकाउंट बदललाय अशी मेल आली तर ती आमची नाही, जिना चढून या. या मेलमध्ये घुसून पैसे पळवणाऱ्या टोळ्या कंप्लीशनच्या शुक्रवारचीच वाट बघत असतात. मी आधी एक पाउंड पाठवला, फोन करून पोचल्याची खात्री केली, मग बाकीचे.

सह्यांचीही एक कथा आहे. टीआर१ या मालकी बदलायच्या फॉर्मवर आमच्या सह्या, त्यांना साक्षीदार पाहिजे आणि तो घरचा नको. शेजारच्या आजी आल्या, सोबत स्वतःचं पेन, कारण परक्या पेनाने त्या सही करत नाहीत. हिने सही केली ती नेहमीची, मराठीत. मी दचकलो. बाईंना फोन लावला (गुरुवार होता, देव पावला), त्या म्हणाल्या सही सही असते, खाली नाव इंग्रजीत छापलंय ना? आजींनी ते अक्षर बराच वेळ न्याहाळलं, खाली आपला पत्ता एकेक अक्षर सुटं काढून लिहिला आणि हिला म्हणाल्या, चला, आता गळक्या पन्हळीसाठी मला तुलाही बोलता येईल.

त्यानंतर लँड रजिस्ट्री. पैसे जूनमध्येच गेले, पण रजिस्टरवर नाव चढायला वेळ लागतो. आपल्याकडे तलाठ्याकडे फेरफारासाठी खेटे घालतात, इथे घरबसल्या खेटे. टायटल रजिस्टरची ऑफिशियल कॉपी कुणीही काढू शकतं, पूर्वी ३ पाउंड होती, २०२४ च्या डिसेंबरपासून ७. मी जुलैत काढली, ऑगस्टमध्ये काढली, सप्टेंबरमध्ये काढली, तिन्ही वेळा मी एकटाच मालक. २१ पाउंड. ही म्हणाली, तारेचे अर्धे पैसे झाले की.

ऑक्टोबरच्या शेवटी बाईंकडून साधं पाकीट आलं, सेकंड क्लासचं तिकीट. आत रजिस्टरची नवी कॉपी, माझ्या नावाखाली हिचं नाव, मधलं नाव तिच्या वडिलांचंच. हिने तो कागद वाचला, २०२३ चा तो फॉर्म ज्या फाईलमध्ये आहे त्याच फाईलमध्ये त्याच्यावर लावला आणि फाईल आपल्या कपाटात नेऊन ठेवली.

काल त्या तारेच्या फीबद्दल मी बाईंना शेवटची एक मेल टाकली, चॅप्सचे तुमची बँक नक्की किती घेते आणि उरलेले कशाचे ते कळवा म्हणून. लगेच उत्तर आलं, आपोआप आलेलं. काल बुधवार होता.