‘घासलेला माल परत घेत नाही’: बॉडी किटच्या खरेदीत झालेली फसवणूक

मी बेळगावात वडगावला राहतो आणि माझ्याकडे २०१९ सालची स्विफ्ट आहे. गेल्या वर्षी दिवाळीनंतर मोबाईलवरची एक जाहिरात पाहून मी या गाडीसाठी बॉडी किट, म्हणजे गाडीला बाहेरून लावायचे शोभेचे भाग मागवले. पुढच्या बंपरखाली लागणारी लिप, दोन्ही बाजूंना दारांखाली लागणारे साइड स्कर्ट आणि मागच्या बंपरखालचा डिफ्यूझर असे चार नग होते आणि किंमत १८,५०० रुपये होती. ड्रिल, पाने, हीट गन घरात असल्यामुळे ते स्वतःच बसवायचे असे मी ठरवले होते. रंगकाम आणि ट्रान्सपोर्टचे भाडे धरून माझे २७,३५० रुपये गेले. ते कसे गेले हे मी सविस्तर लिहीत आहे, कारण निपाणी आणि खानापूरकडच्या ओळखीच्या दोन मुलांनी तीच जाहिरात मला दाखवून ‘घेऊ का’ असे विचारले आहे.

विक्रेता महाराष्ट्रातला होता. मी बेळगावचा आहे असे कळताच तो म्हणाला, “मग तुम्ही आपलेच की दादा, आमचे पाहुणे शहापुरातच आहेत.” आपल्या सीमाभागातल्या माणसाला समोरून अशी आपुलकीची मराठी ऐकू आली की निम्मा विश्वास तिथेच बसतो, आणि माझाही बसला. दहा हजार आगाऊ आणि उरलेले माल निघण्यापूर्वी, असे सगळे पैसे मी यूपीआयने पाठवले. बिल म्हणून त्याने एका कागदाचा फोटो पाठवला. त्यावरचा जीएसटी क्रमांक २७ ने सुरू होत होता. २७ म्हणजे महाराष्ट्र आणि २९ म्हणजे कर्नाटक एवढे मला ठाऊक असल्याने तो खराच वाटला. हा क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की तो कोणाच्या नावावर आहे हे कोणालाही विनामूल्य पाहता येते, पण मी ते महिनाभराने पाहिले आणि तो एका कापड दुकानाचा निघाला. परराज्यातून घेतलेल्या मालाच्या बिलावर आयजीएसटी लावलेला असतो, त्या कागदावर तशी ओळच नव्हती.

जाहिरातीत किट एबीएस प्लॅस्टिकचे असल्याचे लिहिले होते. एबीएस दाबल्यावर थोडे वाकते, पुन्हा सरळ होते आणि दोन्ही बाजूंनी गुळगुळीत असते. फायबरग्लासचा नग साच्यात काचेच्या तंतूंची मॅट आणि रेझिन (वाळून कडक होणारा चिकट द्रव) घालून हाताने बनवलेला असतो, त्यामुळे त्याची पुढची बाजू चकचकीत आणि मागची खरखरीत राहते. तो कडक असतो आणि वाकवला की तडकतो. मला आलेले नग दोन्ही बाजूंनी काळेभोर होते. मागची बाजू थोडी खडबडीत लागली, पण काळा रंग पाहून मी ते प्लॅस्टिकच समजलो. पुढे एके दिवशी त्या मागच्या बाजूवर नखाने ओरखडा काढला, तेव्हा काळ्या स्प्रेची पातळ साल निघाली आणि खाली पिवळसर रेझिनमध्ये रुतलेले तंतू स्पष्ट दिसले. तो काळा रंग केवळ हे तंतू झाकण्यासाठी मारलेला होता.

माल मिळाल्याचे कळवताच त्याने सल्ला दिला, “आधी रंगवून घ्या, मग बसवा, म्हणजे टेप चांगला धरतो.” मी चारही नग पेंटरकडे दिले आणि त्याचे ७,५०० रुपये झाले. पेंटरला हात लावताच माल कळला होता, पण मी मुद्दाम स्वस्तातले मागवले असेल असे समजून तो गप्प राहिला. पुढे मी विचारले तेव्हा तो सहज म्हणाला, “हे एबीएस न्हवं, फायबर हाय की ओ.”

रंगवलेला डावा स्कर्ट गाडीला लावून पाहिला तेव्हा मागच्या चाकाच्या कमानीपाशी माझी करंगळी जाईल एवढी फट राहिली. फोन केल्यावर विक्रेत्याने कड घासून आणि दोन स्क्रू जास्त मारून बसवायला सांगितले. मी पॉलिश पेपरने कड घासली. ती बारीक धूळ हाताला दोन दिवस टोचत होती, आणि तोंडाला मास्क न बांधता हे काम करणे छातीलाही धोक्याचे आहे. स्क्रूसाठी भोक पाडताच तिथून कडेपर्यंत तडा गेला. आता हा माल परत घ्या असे म्हटल्यावर उत्तर आले, “रंगवलेला आणि घासलेला माल परत घेत नाही.” आधी रंगवायला सांगणारा तोच होता आणि घासायला सांगणाराही तोच होता. त्यानंतर फिटिंग मी स्वतः केले म्हणून चूक माझ्या हाताची, असे तो म्हणत राहिला आणि आठवडाभराने त्याने माझा नंबर ब्लॉक केला.

आमच्या गल्लीत एक काका राहतात. त्यांची उद्यमबागेतल्या कारखान्यांत पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी लागणारे नमुने बनवण्यात हयात गेली आहे. त्यांनी दोन्ही स्कर्ट अंगणात शेजारी ठेवून मोजले, तर डावा उजव्यापेक्षा १४ मिलिमीटरने आखूड भरला. रेझिन घट्ट होताना आकसते, त्यामुळे मूळ किटवरून साचा काढला, त्या साच्यातून निघालेल्या नगावरून पुन्हा साचा काढला, तर माप दर वेळी थोडे कमी होत जाते. फाउंड्रीचे पॅटर्न करताना आपण हे आकसणे आधीच धरतो, इथे कोणी धरलेले नाही, असे काकांनी सांगितले. म्हणजे माझ्या हाताला दोष देण्याचे काहीच कारण नव्हते. हे ऐकून मला जेवढा दिलासा वाटला तेवढाच संतापही आला.

डिफ्यूझर तेवढा बसला होता, म्हणून तो मी काढला नाही. डिसेंबरमध्ये निपाणीला जाताना वंटमुरीच्या घाटात त्याची एक बाजू स्क्रूपाशी तुटली आणि तो रस्त्यावर घासू लागला. मागे दुचाकीवर एक जोडपे लहान मुलाला घेऊन येत होते. गाडी कडेला घेईपर्यंत तो पूर्ण निसटला नाही, हे केवळ त्यांचे आणि माझे नशीब. पैशांच्या नुकसानीपेक्षा तो क्षण मला आजही जास्त त्रास देतो.

आणखी एक गोष्ट मी आधी समजून घ्यायला हवी होती. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरणारा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे कलम तसेच लावले. विमा कंपनीला न कळवता केलेल्या बदलामुळे दावा अडू शकतो. विक्रेते यातले काही सांगत नाहीत.

पोलिसांकडे गेलो तेव्हा माल मिळालेला आहे, त्यामुळे वाद ग्राहकाचा आहे, असे मला सांगण्यात आले. विक्रेता पलीकडच्या राज्यातला म्हणून तक्रारही तिकडेच जाऊन करावी लागेल, असा माझा समज होता आणि या समजामुळे माझे दोन महिने वाया गेले. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची असते. मी आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि नंतर बेळगावच्या जिल्हा आयोगात अर्ज दिला. जाहिरातीचे स्क्रीनशॉट, यूपीआयच्या पावत्या, ट्रान्सपोर्टची बिल्टी आणि दोन्ही स्कर्ट मोजतानाचे फोटो माझ्याजवळ होते. गाठोडे उघडतानाचा व्हिडिओ मात्र नव्हता, आणि वकिलांनी सर्वांत आधी तोच मागितला.

अर्जावर अजून निर्णय झालेला नाही. चारही नग मी पुरावा म्हणून वरच्या खोलीत ठेवले आहेत. निपाणी आणि खानापूरच्या त्या दोन्ही मुलांना मी रविवारी घरी बोलावले आहे. पैसे पाठवण्यापूर्वी त्यांनी त्या स्कर्टच्या मागच्या बाजूवर स्वतःच्या नखाने एक ओरखडा काढून पाहावा, अशी माझी इच्छा आहे.