पी-फाइव्ह जेएस: चादरीचे रंग स्क्रीनवर मिसळून बघायचे असतील तर वापराच

सोलापुरात चादरी-टॉवेलची डिझाइनं आता बरीच पोरं लॅपटॉपवरच करतात, पण दोन रंग एकत्र आल्यावर तिसरा कुठला दिसेल हे अजून अंदाजानेच चालतं आणि मग लूमवरून सॅम्पल उतरलं की पार्टी म्हणते हा शेड आम्ही सांगितलाच नव्हता. अशा सगळ्यांसाठी हा रिव्ह्यू लिहितोय.

पी-फाइव्ह म्हणजे कोड लिहून चित्र काढायची जावास्क्रिप्ट लायब्ररी, फुकट आहे, ओपन सोर्स आहे, ब्राउझरमध्ये एडिटर उघडायचा आणि लिहायला लागायचं, इन्स्टॉलची भानगड नाही. केसी रीस आणि बेन फ्राय यांनी २००१ मध्ये कोडमधून चित्र काढायचं प्रोसेसिंग हे सॉफ्टवेअर सुरू केलं, त्याचंच हे जावास्क्रिप्टमधलं रूप, लॉरेन मॅकार्थी यांनी सुरू केलेलं. वेबसाइट हिंदीतूनही वाचता येते.

मला यातलं सगळ्यात आवडतं ते ब्लेंडमोड. नवा रंग काढताना खाली आधीच जो पिक्सल आहे त्याचं काय करायचं हे आपण सांगायचं, आणि मागचा हिशोब इतका सरळ आहे की वहीत करून बघता येतो. नेहमीचा मोड ब्लेंड, म्हणजे नव्या रंगाचा अल्फाएवढा वाटा (अल्फा म्हणजे रंग किती दाट, ० पूर्ण पारदर्शक, २५५ पूर्ण दाट), जुन्याचा उरलेला वाटा, दोन्हीची बेरीज. प्रत्येक रंग म्हणजे लाल, हिरवा, निळा यांचे ० ते २५५ मधले तीन आकडे, पांढऱ्यात तिन्ही २५५; त्या पांढऱ्यावर लाल काढा, अल्फा २५५ पैकी १२८ ठेवा, लाल २५५ च राहतो, हिरवा आणि निळा १२७ वर येतात, झाला गुलाबी. मल्टिप्लायमध्ये दोन्ही आकडे गुणून २५५ ने भागतात, पिवळ्यावर सायन (हिरवट निळा) टाकला की स्वच्छ हिरवा मिळतो. अ‍ॅडमध्ये नुसती बेरीज, २५५ च्या वर गेलं की तिथेच कापलं जातं, त्यामुळे पांढऱ्या बॅकग्राउंडवर अ‍ॅड लावलं तर काहीच दिसणार नाही, पांढऱ्यात वाढायला जागाच कुठे असते, आधी बॅकग्राउंड काळं करा. आणि ब्लेंडमध्ये कोण वर कोण खाली याने रंग बदलतो, अ‍ॅड-मल्टिप्लायमध्ये बदलत नाही, हे डिझाइनवाल्यांनी नीट ध्यानात घ्यावं.

आता चादरीचं बघू. छापलेल्या कापडात शाईवर शाई बसते, तिथे मल्टिप्लाय बऱ्यापैकी जवळ जातो. विणलेल्या कापडाचं तसं नाही, ताणा लाल आणि बाणा हिरवा असेल तर धागे शेजारी-शेजारी असतात आणि लांबून डोळाच त्यांची सरासरी काढतो. म्हणून निम्मा-निम्मा ब्लेंड करावा असं वाटतं, पण स्क्रीनवर मग लाल १२८, हिरवा १२८ असा मळकट शेवाळी रंग येतो, खरं कापड त्यापेक्षा उजळ दिसतं. कारण हे ० ते २५५ आकडे उजेडाच्या सरळ प्रमाणात नसतात, निम्मा उजेड साधारण १८८ ला असतो, १२८ ला नाही! यावर उपाय एकदम सोपा, अल्फा सोडून द्या, एक पिक्सल लाल एक पिक्सल हिरवा असा बुद्धिबळाच्या पटासारखा भाग भरा आणि जरा लांबून बघा, मिसळायचं काम डोळ्यालाच करू द्या. फक्त झूम १०० टक्के हवा, ब्राउझरने चित्र लहान-मोठं केलं की तो परत आकड्यांचीच सरासरी काढतो. हे जमलं की पार्टीला दाखवायला लई भारी.

कमतरताही आहेत. हलत्या चित्रात दर फ्रेमला कमी अल्फाचा पांढरा टाकून जुनं चित्र पुसट करायचं म्हटलं तर शेवटची राखाडी छटा जातच नाही, कारण पिक्सल आठ बिटांचा, फरक अगदी थोडा उरला की गुणाकार पूर्णांकात शून्यच होतो. ओव्हरले हा मोड फक्त साध्या टूडी कॅनव्हासवर चालतो, सबट्रॅक्ट फक्त वेबजीएलमध्ये (थ्रीडी कॅनव्हास), नवीन माणूस इथे हमखास गोंधळतो. आणि एकदा मोड लावला की पुढच्या सगळ्या आकृत्यांना तोच लागतो, काम झालं की परत ब्लेंडवर आणायचं.

लूमची फाइल यातून निघत नाही, ती तुमच्या जॅकार्डच्या (नक्षी विणणाऱ्या लूमच्या) सॉफ्टवेअरमध्येच करावी लागेल. पण सूत रंगायला देण्याआधी चार-पाच शेड एकमेकांशेजारी लावून बघायला याच्याइतकं सोयीचं दुसरं काही मला सापडलं नाही, माझ्याकडून पाचपैकी साडेचार.