कानाला सात टोचे, साडेचार हजार रुपये

मी साताऱ्याची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, वय ४३. मुंबई मॅरेथॉन तीनदा पळाले आणि तिन्ही वेळा ४ तास १८ मिनिटांच्या आगेमागे. आठवड्याचे किलोमीटर वाढवले, घाट वाढवला, बूट बदलले, पण वेळ काही हलेना. शेवटी ग्रुपमधला एक जण म्हणाला, "मॅडम, एकदा लॅक्टेट टेस्ट करून घ्या." लॅक्टेट म्हणजे पळताना स्नायूंत तयार होऊन रक्तात उतरणारा पदार्थ, आणि वेग वाढवत नेताना तो किती चढतो हे मोजायचं ती ही टेस्ट. म्हणून पुण्यातल्या एका स्पोर्ट्स लॅबमध्ये साडेचार हजार भरून नाव नोंदवलं. तारीख मिळाली ती आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवसाची. एक किरकोळ रजा खर्ची पडली.

फोनवर सूचना एकच मिळाली: पळायचे बूट आणा. तिथे पोचल्यावर टेस्ट घेणाऱ्या पोराने विचारलं, "काल उपवास नव्हता ना?" मी म्हटलं, होता की! त्याचा चेहरा पडला. पोटात पिष्ट कमी गेलं असेल तर रक्तात लॅक्टेट कमी दिसतं आणि आपण आहोत त्यापेक्षा दमदार ठरतो, असं त्याने समजावलं. मग मी दोन प्लेट साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस आणि रात्रीचे वेफर्स असा हिशोब सांगितला, तेव्हा तो हसायला लागला. एकादशी अन् दुप्पट खाशी, त्यामुळे माझी टेस्ट वाचली. पण कुणी निर्जळी करून आलं असतं तर? हा प्रश्न फोनवर विचारायचा असतो. आदल्या दिवशी जोरात पळू नका, हेही कुणी सांगितलं नव्हतं.

आता प्रत्यक्ष टेस्ट. छातीला ठोके मोजणारा पट्टा बांधला, कुड्या काढून पर्समध्ये ठेवल्या. आधी बसल्या जागी कानाच्या पाळीला एक टोचा. मग ट्रेडमिल, एक टक्का चढावर, कारण खोलीत समोरून वारा लागत नाही, त्याची भरपाई. ताशी ७ किलोमीटरपासून सुरुवात, दर चार मिनिटांनी एकेक किलोमीटर वाढ. प्रत्येक टप्प्यानंतर ट्रेडमिल थांबते, पोरगा पाळी स्पिरिटने पुसतो, कोरडी करतो, पहिला थेंब पुसून टाकतो आणि दुसरा पट्टीला लावतो. यंत्र अगदी घरच्या साखर मोजायच्या मशिनसारखं. पंधरा सेकंदांत आकडा, लिटरभर रक्तात किती मिलीमोल लॅक्टेट आहे त्याचा.

११ च्या टप्प्याला आकडा आला ७.९. माझ्या पोटात गोळा. पोरगा मात्र शांतपणे म्हणाला, "घाम मिसळला, परत घेतो." घामातही लॅक्टेट असतं, कानामागून एक ओघळ आला की नमुना बिघडला. पुन्हा पुसलं, पुन्हा टोचलं, आकडा ५.२. माझे पैसे मी इथे वसूल झाले असं धरते. घाईत ७.९ लिहून मोकळा होणारा माणूस असता तर पुढचे सहा महिने मी चुकीच्या आकड्यावर पळाले असते.

निकाल असा: ८ ला १.५, ९ ला २.१, १० ला ३.१. म्हणजे ताशी साडेआठच्या पुढे लॅक्टेट चढायला लागतं आणि साडेदहाच्या आसपास ४ मिलीमोलची रूढ रेघ ओलांडते. लॅक्टेट हे विष नव्हे, स्नायू तेही जाळतात. दुसऱ्या दिवशी पाय दुखतात तेही त्याच्यामुळे नाही. फक्त तयार होण्याचा वेग निचऱ्यापेक्षा वाढला की समजायचं, हा वेग आता फार वेळ टिकणार नाही.

माझी चूक त्या कागदावर स्वच्छ दिसत होती. 'आरामात' म्हणून मी रोज किलोमीटरला ६:१५ मिनिटांच्या ज्या गतीने पळायची, ती आरामाची नव्हतीच. आरामाची गती किलोमीटरला सात मिनिटांच्या वर, म्हणजे ताशी साडेआठच्या खाली. रोज अर्धवट दमायचं आणि बुधवारी खरंच जोरात पळायचं तेव्हा पायात काही उरायचं नाही.

सात मिनिटांनी पळणं फुफ्फुसांना सोपं, मनाला महाकठीण. वॉकला येणारे एक काका म्हणाले, "ललिता बाबरच्या जिल्ह्यात असं पळतात होय?" आता रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत धावलेल्या बाईशी तुलना केल्यावर काय बोलणार! आणि ग्रुपमधली पोरं नॉर्वेच्या याकोब इंगेब्रिग्टसन या धावपटूचे व्हिडिओ बघून दिवसातून दोनदा थ्रेशोल्ड, म्हणजे त्या लॅक्टेटच्या रेघेलगतचा जोरदार सराव, मारतात. तो सरावातही रक्त तपासून वेग आवरतो, हे मात्र पोरं सोयीस्करपणे विसरतात.

आता रिपोर्टबद्दल. चौदा पानं, सगळी इंग्रजीत. कामाची दोन, बाकी रंगीत सजावट. आहाराच्या पानावर किनवा आणि ॲव्होकॅडो. भाकरीचा पत्ता नाही. निघताना प्रोटीनचा डबा गळ्यात मारायचा प्रयत्नही झाला. सगळ्यात मोठी उणीव म्हणजे गतीचे आकडे सपाट रस्त्याचे आहेत हे कुठेही ठळक लिहिलेलं नाही. यवतेश्वरच्या घाटात ते आकडे फेकून द्यावे लागतात. तिथे मी ठोके बघते, १४६ च्या खाली आराम, १६८ च्या वर धोका. मुंबईच्या दमट हवेत तर त्याच गतीला ठोके आणखी चढतात. एसीतल्या खोलीला ते काय माहीत?

जानेवारीत मुंबईला ४:०६ आले. चार तासांच्या आत नाही. पण पेडर रोडचा चढ पहिल्यांदाच न चालता पार केला. श्रेय टेस्टचं किती आणि सहा महिने लाज गिळून हळू पळाल्याचं किती, ते सांगता येणार नाही.

पळायला लागून वर्षही झालं नसेल तर हे पैसे खर्चू नका. फुकटची टेस्ट सांगते: पळताना सतराचा पाढा मोठ्याने म्हणा. सात मिनिटांच्या गतीला माझा पूर्ण होतो, सव्वासहाला सातापाशी धाप लागते. ज्यांची वेळ दोन-तीन वर्षं अडकली आहे त्यांनी मात्र जावं. सकाळची पहिली वेळ मागा, टॉवेल घरून न्या, बायकांना कपडे बदलायला नीट जागा नाही हे धरून चला. आणि कुड्या त्या संध्याकाळी घालू नका, फार झोंबतं.