मिस्त्राल की हुआन कार्लोस: छपराआधी मागचं दार बघा

ऑक्टोबर २०२५ मध्ये संरक्षण खरेदी परिषदेने नौदलाच्या 'लँडिंग प्लॅटफॉर्म डॉक', म्हणजे सैन्य आणि गाड्या समुद्रातून किनाऱ्यावर उतरवणाऱ्या मोठ्या जहाजांच्या प्रस्तावाला तत्त्वतः मंजुरी दिली. विषय जुनाच. २०१३ च्या सुमारास अशा जहाजांची निविदा निघाली, मुदतवाढीवर मुदतवाढ घेत शेवटी बारगळली. २०२१ मध्ये नौदलाने चार जहाजांसाठी पुन्हा माहिती मागवली. तोवर मोठा भार एकट्या 'जलाश्व'वर. अमेरिकेने १९७१ साली सेवेत घेतलेली 'ट्रेन्टन' आपण २००७ मध्ये विकत घेतली, तीच ही. पन्नाशी कधीच उलटून गेली आहे.

निर्णय दिल्लीत व्हायचा तेव्हा होईल. ज्यांना स्वतःचं मत बनवायचं आहे त्यांच्यापुढे मुख्यतः दोन घराणी आहेत: फ्रान्सची मिस्त्राल आणि स्पेनची हुआन कार्लोस. आणखीही आराखडे आहेत, पण या दोघींनी खरीखुरी कामं केली आहेत आणि दोघींच्या बहिणी परदेशी नौदलांतही आहेत, त्यामुळे गुणदोष उघड्यावर आले आहेत.

आधी मापं उरकून घेऊ. मिस्त्राल १९९ मीटर लांब, पूर्ण भाराने सुमारे २१,५०० टन, वेग १९ नॉटच्या (तासाला सागरी मैल) आसपास. हुआन कार्लोस २३१ मीटर, सुमारे २६,००० टन, वेग २१ नॉट. रुंदी दोघींची ३२ मीटर. मिस्त्राल दूरच्या प्रवासात ४५० सैनिक नेते, थोड्या दिवसांसाठी ९०० पर्यंत. स्पॅनिश जहाजात ९०० च्या आसपास नेहमीचेच. वेगातल्या फरकाचा फार बाऊ करू नये. विशाखापट्टणमहून पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचं श्री विजयपुरम, गाठायला पूर्ण वेगाने फरक पडतो तो तीनेक तासांचा.

फोटोत दोन्ही जहाजं छोट्या विमानवाहू नौकांसारखी दिसतात आणि सगळी चर्चा मग वरच्या सपाट डेकवरच होते. माझं म्हणणं उलट आहे. हे जहाज विकत घेतलं जातं ते मागच्या दारासाठी.

ते दार कसं चालतं ते बघा. किनाऱ्यापासून दूर उभं राहून जहाज टाक्यांमध्ये समुद्राचं पाणी भरून घेतं. मागचा भाग हळूहळू खाली बसतो, दार उघडतं आणि पोटातल्या गोदीत पाणी शिरतं. आत ठेवलेली लँडिंग क्राफ्ट, म्हणजे थेट किनाऱ्याला लागणाऱ्या सपाट बोटी, तरंगू लागतात आणि रणगाडे, ट्रक, जवान घेऊन एकेक करून बाहेर पडतात. समुद्र शांत असेल तर हे सरळ वाटतं. लाटा असल्या की गोदीतलं पाणी मागेपुढे हिंदकळतं आणि क्राफ्ट भिंतीवर आपटतं. अमेरिकी जहाजांत म्हणूनच गोदीच्या भिंतींना लाकडी फळ्या मारलेल्या असतात. शिवाय सामान चढवताना क्रम उलटा लावावा लागतो. किनाऱ्यावर जे सर्वांत आधी हवं ते सर्वांत शेवटी चढवायचं. एखादा ट्रक चुकीच्या जागी अडकला की मागची रांग ठप्प. म्हणून गाड्यांच्या डेकवर वळायला जागा किती आणि उतार कुठे आहेत, हे प्रश्न तोफांच्या संख्येपेक्षा महत्त्वाचे.

स्पॅनिश गोदी मोठी आहे: सुमारे ६९ मीटर लांब आणि जवळपास १७ मीटर रुंद. मिस्त्रालची साडेसत्तावन्न मीटर बाय साडेपंधरा. दोन्हींत चार लँडिंग क्राफ्ट मावतात. फ्रेंचांनी लहान जागेचा उपयोग हुशारीने केला आहे. त्यांच्या जुळ्या सांगाड्याच्या नव्या क्राफ्टचा मधला डेक वरखाली होतो: समुद्रात वर उचललेला, किनाऱ्याला लागताना खाली टेकवलेला. अवजड वाहनांच्या जागेत मात्र स्पेन पुढे. शिवाय हलक्या गाड्यांची जागा गरजेप्रमाणे हँगरला, म्हणजे हेलिकॉप्टरं ठेवायच्या जागेला, जोडता येते, म्हणजे एका मोहिमेत हेलिकॉप्टरं जास्त, दुसरीत गाड्या जास्त. आपली बीएमपी-२ ही चिलखती वाहनं स्वतः पोहतात, ती थेट गोदीतून पाण्यात उतरू शकतात. टी-९० सारख्या ४६ टनांच्या रणगाड्याला मात्र क्राफ्टच हवं.

गोदी वगळून काय होतं, हेही एकाने करून पाहिलं आहे. अमेरिकेने 'अमेरिका' आणि 'ट्रिपोली' ही जहाजं विमानांना जास्त जागा मिळावी म्हणून गोदीशिवाय बांधली. त्याच वर्गाच्या तिसऱ्या 'बोगनव्हिल'मध्ये गोदी परत आली.

आता छपराकडे, म्हणजे वरच्या डेककडे. हुआन कार्लोसच्या टोकाला १२ अंशांचा चढ आहे, स्की-जम्प: धावत येणाऱ्या विमानाला तो वर उचलून देतो. स्पेन त्यावरून हॅरिअर ही सरळ खाली उतरू शकणारी लढाऊ विमानं उडवतं. आपल्याला त्याचा उपयोग काय? आपली सी हॅरिअर २०१६ मध्ये गोव्याच्या 'हंसा' तळावर निवृत्त झाली. मिग-२९के आणि नव्याने मागवलेली राफेल-एम उतरताना डेकवरच्या तारेत आकडा अडकवतात; या जहाजावर ती तारच नाही. सरळ खाली उतरणारं एफ-३५बी आपल्याकडे नाही. ऑस्ट्रेलियाच्या 'कॅनबेरा' आणि 'ॲडिलेड' याच आराखड्याच्या. त्यांच्यावर तो चढ तसाच ठेवला आहे आणि त्यावरून एकही लढाऊ विमान उडत नाही. विक्रमादित्य आणि विक्रांत हाताशी असताना आपण त्या चढासाठी पैसे का मोजायचे?

याला एक चांगलं उत्तर आहे, ते तुर्कीकडे. त्यांची 'अनादोलू' याच आराखड्याची, एफ-३५बी डोळ्यापुढे ठेवून बांधली. २०१९ मध्ये अमेरिकेने तुर्कीला त्या कार्यक्रमातून बाहेर काढलं. २०२३ मध्ये जहाज सेवेत आलं तोवर तुर्कीने ड्रोनचा मार्ग धरला होता आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये बायरक्तार टीबी-३ हे ड्रोन तिच्यावरून उडून परत तिच्यावरच उतरलं. आपलं असं ड्रोन तयार होत असेल तर स्की-जम्पचा विचार करावा. नुसतं 'पुढे कधीतरी' म्हणून नको. आणि चढ नसला म्हणून मिस्त्राल बिनदाताची ठरत नाही: २०११ मध्ये लिबियात तिच्या बहिणीवरून, 'तोनेर'वरून, टायगर आणि गझेल हल्लेखोर हेलिकॉप्टरं गेली होती.

इंजिनाच्या बाबतीत दोघी एकाच वाटेवर आहेत. इंजिनापासून पंख्यापर्यंत जाणारे लांबलचक दंड नाहीत, सुकाणू नाही. जहाजाखाली लटकलेले, गोल फिरणारे विजेचे पॉड, त्यांनाच पंखा जोडलेला. आतली जागा वाचते, बंदरात जहाज जागच्या जागी वळतं. पण पॉड बिघडला की बहुधा कोरडी गोदी, म्हणजे पाणी काढून जहाज दुरुस्त करायची बंदरातली जागा, गाठावी लागते. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या दोन्ही जहाजांना पॉडच्या दुखण्याने बंदरात बसवलं होतं. निदान दुरुस्तीची जागा आपल्याकडे आहे. मुंबईच्या नौदल गोदीत २०१९ मध्ये सुरू झालेली २८१ मीटरची कोरडी गोदी दोन्ही जहाजांना पुरते.

मनुष्यबळात मिस्त्राल सरस. तिला १८० च्या आसपास खलाशी-अधिकारी पुरतात, स्पॅनिश जहाजाला अडीचशेच्या वर. 'जलाश्व' चालवायला चारशेच्या आसपास लागतात, हे लक्षात घेतलं तर चार जहाजांत हा फरक किती मोठा होतो ते कळेल. रुग्णालय हा मिस्त्रालचा दुसरा जमेचा मुद्दा: ६९ खाटा, दोन शस्त्रक्रियागृहं. २०२३ च्या अखेरीस याच वर्गाची 'दिक्समुद' इजिप्तच्या अल अरीशला उभी राहून गाझातल्या जखमींवर उपचार करत होती. आपल्याकडेही अशा जहाजाला युद्धापेक्षा वादळं आणि सुटकेची कामंच जास्त पडतील. मे २०२० मध्ये 'जलाश्व'ने मालदीवमधून ६९८ भारतीयांना कोचीला आणलं, ते असंच काम.

स्वसंरक्षणाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. दोन्हींवर मोजकीच शस्त्रं आहेत, सोबत राखणीला फ्रिगेट ही लढाऊ नौका हवीच, आणि आपण आपली क्षेपणास्त्रं बसवणारच.

रशियाने २०११ मध्ये दोन मिस्त्राल मागवल्या, क्रिमिया प्रकरणानंतर २०१५ मध्ये फ्रान्सने तो व्यवहार मोडला आणि जहाजं इजिप्तला गेली. म्हणून कुठलाही आराखडा घेतला तरी सांगाडा इथेच बांधायचा आणि पॉडचे सुटे भाग, दुरुस्तीचं ज्ञान करारातच लिहून घ्यायचं.

मला आज निवडायला सांगितलं तर मिस्त्रालचा साचा घेईन, पण गाड्यांचा डेक आणि गोदी थोडी वाढवून. मोहिमेत रणगाड्यांची आख्खी तुकडी एकाच जहाजातून उतरवायची असं नौदलाने ठरवलं असेल, तर मात्र हुआन कार्लोस घ्यावी आणि स्की-जम्प ड्रॉइंगमधूनच काढून टाकावा. तिथे एक हेलिकॉप्टर जास्त उभं राहील.